शिवलीलाने उघडलेला हँडसेट

योगीराज चौगुले मूळचा निपाणीचा. यशवंतपुरात पंप बनवणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर. पण त्याला विचारलं तर तो आधी हॅम रेडिओचंच सांगायचा. परीक्षा देऊन, सरकारी परवाना काढून हौसेने बिनतारी संच चालवणाऱ्यांचा एक क्लब होता, तिथे त्याला मान होता. बायकोलाही त्यानेच या नादाला लावलं. शिवलीला दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. तिला परवाना मिळाला तेव्हा क्लबात पेढे वाटले ते त्यानेच.

मग हळूहळू बिनसत गेलं. सकाळी सगळे रेडिओवर एकमेकांची हजेरी घ्यायचे, तेव्हा लोक आधी तिलाच विचारू लागले. "अक्का आहेत का?"

"पोळ्या करतेय," योगीराज सांगून टाकायचा. शिवलीला शेजारीच बसलेली असायची.

दोघांचे हँडसेट सारखेच होते. कंपनीने ते हॅम लोकांना दिलेल्या पट्ट्यापुरतेच, १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर, बांधून ठेवलेले. त्याच्या खाली, १३७ वर, हवामानाचे उपग्रह डोक्यावरून जाताना चित्रं पाठवायचे. ती पकडायची योगीराजला फार वर्षांची हौस. त्यासाठी सेटच्या आतला खसखशीएवढा एक रेझिस्टर काढायला लागायचा. आज करू, उद्या करू म्हणत त्याने ते लांबवलं. बारीक कामात त्याचा हात थरथरायचा, हे तो कुणाला सांगत नव्हता.

एका रविवारी तो बाजारातून आला तर शिवलीला गच्चीवर अँटेना धरून उभी. हँडसेटमधून टिकटॉक, टिकटॉक असा आवाज येत होता आणि मोबाईलवर एकेक ओळ करत चित्र उतरत होतं. ढग, आणि ढगांच्या फटीत मलबारचा किनारा.

"अहो, बघा! उघडला मी. कवळीपेक्षा सोपं निघालं."

"मला विचारायचं तरी."

"तुम्ही थांब म्हणाला असता."

चित्र क्लबभर फिरलं. अध्यक्ष मल्लाप्पाअण्णांनी ते मोठं छापून भिंतीवर लावलं. सगळ्यांबरोबर योगीराजनेही टाळ्या वाजवल्या, पण घरी आल्यावर तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या हजेरीत तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "काही सभासद सेट उघडून पट्टा वाढवतायत. उद्या कुणाचं बोलणं पोलिसांच्या फ्रिक्वेन्सीवर गेलं तर क्लबचं काय होईल?"

नाव घेतलं नव्हतं. घ्यायची गरजही नव्हती. स्वयंपाकघरात शिवलीलाने स्वतःचा सेट बंद केला.

मल्लाप्पाअण्णांनी तिला सेट घेऊन क्लबात बोलावलं. तिने सगळ्यांसमोर १३७ लावलं आणि बोलायचं बटण दाबलं. सेट नुसता टुंय् करून गप्प झाला.

"ऐकायचा पट्टा वाढवलाय, बोलायचा नाही," ती म्हणाली. "बोलायचं कुलूप वेगळ्या रेझिस्टरवर आहे. त्याला मी हात लावला नाही."

अण्णांनी मीटर लावून खात्री केली. "सरी, बरोबर आहे," ते म्हणाले. मग योगीराजकडे वळले. "हे घरातच विचारलं असतं तर स्वल्प बरं झालं असतं, नाही का?"

परत येताना बसमध्ये ती म्हणाली, "नियमाची भीती वाटली की माझी?"

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "लोक मला आता अक्कांचे मिस्टर म्हणतात."

"मला इतके दिवस योगीराजची बायको म्हणत होते. मी रेडिओवर जाऊन तक्रार केली का?"

पुढे काही दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. शेवटी त्याने आपला सेट तिच्यापुढे ठेवला. "माझाही उघडून दे."

"मी भिंग धरते. सोल्डरिंगचं आयर्न तुम्ही धरा."

हात थरथरलाच. "मनगट टेबलाच्या कडेवर टेकवा," ती म्हणाली. दुसऱ्या खेपेला रेझिस्टर निघाला आणि उडून कुठे पडला ते कुणालाच दिसलं नाही.

पुढच्या रविवारी दोघं गच्चीवर उभे राहिले. उपग्रह एकच, सेट सारखे. त्याच्या चित्रात निम्म्या पट्ट्या खरखरीत आल्या. तिच्या चित्रात श्रीलंकासुद्धा स्पष्ट दिसत होती.

"छान आलंय तुझं," तो म्हणाला, आणि तसं म्हणताना त्याला फारसं जड गेलं नाही. ती नाश्त्याचं बघायला खाली गेली. योगीराजने जिन्याकडे एकदा पाहिलं, मग दोघांच्या अँटेना शेजारी धरून तिची थोडी लांब आहे का ते बघितलं.