पश्चिमेचा कूड

आमचं घर म्हणजे लोखंडी अँगलचा सांगाडा आणि त्यावर ठोकलेले पत्रे. वर पत्रा, चारी भिंतींनाही पत्राच. परभणीत पिंगळीच्या रस्त्याला प्लॉट घेतला तेव्हा 'सध्या तात्पुरतं' म्हणून उभं केलं, त्याला आता अकरा वर्षं झाली. तात्पुरत्या गोष्टीइतकं टिकाऊ काही नसतं, हे मी कचेरीतल्या नोकरीतही पाहिलंय.

दोन वर्षांपूर्वी वडील गावाकडून आमच्याकडे राहायला आले. त्यांना मागची, पश्चिमेची खोली दिली, कारण दुसरी नव्हती. त्यांना दम्याचा त्रास. उन्हाळ्यात तीननंतर त्या भिंतीला हात लावला तर चटका बसायचा आणि पंखा नुसता गरम वारा फेकायचा. महिनाभर त्यांनी सोसलं. मग त्यांनीच माझ्या धाकट्या भावाच्या पोखर्णीच्या शेतातून तुराट्या, तुरीच्या वाळल्या काड्या, मागवल्या आणि पत्र्याबाहेर वीतभर जागा सोडून कूड बांधायला घेतला. दोन्हीकडून बांबूच्या कामट्या, मध्ये तुराट्या दाबून सुतळीच्या गाठी, वरून शेणमातीचा लेप. चार दिवस खपले. त्यानंतर त्यांचा दुपारी डोळा लागायला लागला.

माझ्या डोळ्यात मात्र तो कूड सलायचा. आजूबाजूला स्लॅबची रंगवलेली घरं, आणि नोकरदाराच्या घराला गोठ्यासारखा कूड.

यंदा भर उन्हाळ्यात मुलीला पाहायला पाहुणे यायचं ठरलं. आदल्या दिवशी मी विळा घेऊन सुतळ्या कापायला लागलो. वडील बाजेवर बसून पाहत होते.

"काय करायलास?"

"उद्याच्यापुरता काढतो, अण्णा. पाहुणे गेले की परवा परत बांधू."

"तुराट्या मोडू नको मग," एवढंच ते म्हणाले.

पाहुणे आले. मुलाचे वडील शेतकरी माणूस. चहा झाल्यावर चूळ भरायला मागच्या बाजूला गेले, सहज पत्र्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"लय तापायलंय की हो. इकडून कूड न्हाई लावला का? आमच्या घराला हाय."

मी कसनुसा हसलो. वडिलांनी माझ्याकडे बघितलंही नाही. सोयरीक जमली. मुलगी पसंत पडली होती, बाकी कशाकडे त्या लोकांचं लक्षच नव्हतं.

परवा आला आणि गेला. कचेरीतून घरी आलो की अंगात त्राण नसायचं. बायको रोज म्हणायची, "मामांच्या खोलीचं बघा ना." मी म्हणायचो, रविवारी. आळशाला गंगा दूर म्हणतात, मला स्वतःच्याच घराची मागची भिंत दूर झाली होती. तुराट्या कुंपणाला टेकून पडून होत्या.

रविवार उजाडायच्या आधीच, एका दुपारी बायकोचा कचेरीत फोन आला. वडील बाजेवरून उठताना पडले होते. अंग तव्यासारखं तापलेलं, बोलणं भलतंच. दवाखान्यात तीन दिवस सलाईन चाललं. ऊन लागलंय म्हणत डॉक्टरांनी विचारलं, "उन्हात कुठं फिरले होते का?" मी 'नाही' म्हणालो. ते घरातच होते, माझ्याच घरात, हे सांगायची मला लाज वाटली. अजूनही वाटते.

दवाखान्यातून ते परस्पर भावाकडे पोखर्णीला गेले. मला काही बोलले नाहीत. चार शिव्या दिल्या असत्या तर मी हलका झालो असतो.

पुढच्या रविवारी मी कूड बांधायला घेतला. दोनदा कोसळला. तिसऱ्यांदा कसाबसा उभा राहिला. शेजारच्या गच्चीवरून लोक बघत होते, पण आता त्याचं काही वाटण्याइतकीही ताकद उरली नव्हती.

लग्नाच्या आठ दिवस आधी वडील आले. घरात न शिरता सरळ मागे गेले. माझ्या गाठी एकेक ओढून पाहिल्या. तीन सोडल्या आणि पुन्हा बांधायला बसले. मी शेजारी सुतळीचा गुंडा धरून उभा राहिलो.

"अण्णा, आता इथंच राहा," मी म्हणालो.

त्यांनी शेवटची गाठ आवळली.

"राहतो की. पाहुणे पुन्हा कवा येणार हायत, तेवढं आधी सांगत जा. तवा मी जात जाईन, कूड राहू दे."