शिपाई फुकट, सभा विकत

रविवारी सकाळी तेलीबागच्या आमच्या घरात एका कॉम्प्युटर गेमवरून एवढा आवाज चढला की खालच्या मिश्रा आंटी धावत वर आल्या... सब ठीक है ना? शेवटच्या गावाला पाणी मिळत नाहीये, असं मी त्यांना सांगितलं. त्या बिचाऱ्या आमचा नळ सोडून बघून गेल्या.

आवाज माझ्या वडिलांचा होता. अण्णांची सगळी नोकरी नगर जिल्ह्यात कालवा निरीक्षक म्हणून गेली. आई गेल्यावर मी त्यांना इथे लखनौला घेऊन आले, पण त्यांचं मन काही रमेना. बोलणार कुणाशी? मी दिवसभर गोमती नगरला बँकेत, आणि हिंदीचं म्हणाल तर "हमको नहीं पाहिजे" इथपर्यंतच त्यांची मजल.

शेवटी त्यांनी गुरुवारचं परतीचं तिकीट काढायला लावलं. तिकडे काय आहे? कुलूप लावलेलं घर. मी चिडले, रडून पाहिलं... पण अण्णांपुढे कुणाचं चाललंय!

तशात माझ्या मुलीनं, रेवानं, एका स्ट्रॅटेजी गेमचा डेमो डाउनलोड केला. एक नदी, एक कालवा आणि त्यावर नऊ गावं. तीस चाली खेळून बघा, आवडला तर पूर्ण गेम विकत घ्या. "आजोबा, ये तो आपका ही काम है," असं तिच्या नेहमीच्या हिंदीत म्हणत तिनं माऊस त्यांच्या हातात दिला.

अण्णांनी आधी कालवा पार टोकापर्यंत सरकवत नेऊन पाहिला. मग वही-पेन्सिल मागितली आणि कुठल्या गावाला कधी पाणी सोडायचं याचा तक्ता आखला. सुरुवात केली ती शेवटच्या गावापासून. पाणी आधी टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटाला द्यायचं आणि मग मागे मागे येत हेडला, म्हणजे तोंडाशी... हेडच्या माणसाला आधी दिलं की टेलपर्यंत थेंब पोचत नाही. ही त्यांची आयुष्यभराची रीत.

गेमला ती मान्य नव्हती. बाविसाव्या चालीला हेडच्या गावांनी बंड केलं, कालव्याचे दरवाजे फोडले आणि अण्णा हरले. पुन्हा खेळले, पुन्हा हरले. चार दिवसांत अकरा वेळा हरले, पण टेल काही सोडलं नाही.

रेवानं मग नेटवर शोधाशोध केली. तिथे कुणा महाभागानं सल्ला दिला होता... शेवटची तीन गावं सुरुवातीलाच सोडून द्या, गेम सोपा जातो. खाली लोकांचे आभारावर आभार! तिनं ते वाचून दाखवलं आणि मिश्रा आंटींना ऐकू गेलेला तो आवाज चढला. "सोडून द्या म्हणजे? तिथं माणसं राहत नाहीत का?"

खरं सांगते, मलाही संताप आला. लांबच्या ब्रांचबद्दल हेच वाक्य मी मीटिंगमध्ये ऐकत असते. मी तडक गेमवाल्यांना मेल केला, की पूर्ण गेममध्ये तरी टेलला आधी पाणी देऊन जिंकता येतं का? उत्तर आलं... तुमचा उत्साह पाहून आम्हाला आनंद झाला. माझा उत्साह!

मंगळवारी संध्याकाळी आमचं ठरलं, की असला गेम घ्यायचा नाही. "मत लो मम्मी, गेम ही गलत है," रेवाही म्हणाली. अण्णांची बॅग भरून झाली होती. जाता जाता एकदा म्हणून ते पुन्हा स्क्रीनसमोर बसले होते.

"हेडवाले एवढे पेटतातच कसे?" ते स्वतःशीच म्हणाले. "आम्ही पाणी सुटायच्या आधी त्यांच्या गावात जाऊन बसायचो. शिव्या खायच्या, चहा प्यायचा, टेलच्या माणसाला समोर बसवायचं. इथं नुसते शिपाई पाठवता येतात. बसून बोलायची सोयच नाही."

रेवा एकदम पुढे वाकली. शिपायांच्या बटणाशेजारी एक करड्या रंगाचं झाड होतं, खाली चार माणसं बसलेली. आम्ही सगळे ते नक्षीकाम समजत होतो. तिनं त्यावर माऊस नेला... सभा. आणि शेजारी छोटंसं कुलूप. फक्त पूर्ण गेममध्ये उपलब्ध.

माझं डोकंच फिरलं. शिपाई फुकट आणि सभा विकत? म्हणजे माणसाला अकरा वेळा हरवायचं, लोकांना उपाशी मारायचे सल्ले पसरू द्यायचे, आणि साधं बोलणं तेवढं कुलपात ठेवायचं! यांना एक पैसासुद्धा देणार नाही, असं मी ओरडलेच.

अण्णा मात्र हसायला लागले. आई गेल्यानंतर पहिल्यांदा, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "अगं, आमच्या खात्यातही असंच होतं," म्हणाले, "शिपाई लगेच मिळायचे, सभेलाच वरून मंजुरी लागायची."

मग थोडा वेळ वहीतला तक्ता बघत राहिले. "घे तो गेम," म्हणाले. "आणि ते गुरुवारचं रद्द कर. टेलला पाणी पोचल्याशिवाय कालवा सोडून जाता येत नाही."

मी गेम घेतला, तो चडफडतच. त्या कंपनीवरचा माझा राग आजही कणभर कमी झालेला नाही. पण काल ऑफिसातून आले तर दारातच रेवाचा आवाज ऐकू आला... "आजोबा, हेडवाले चिडलेत, सभा घेऊ या का?" मराठीत! मी चपला काढायच्या विसरून तशीच उभी राहिले.

सध्या आठव्या गावापर्यंत पाणी पोचलंय. नवव्या गावातल्या लोकांनो, मला माफ करा... माझ्या मनात येतं, तुम्हाला अजून थोडा उशीर झाला तर बरं.