कडी लाव रे

फॉर्मवाल्या काकांनी किती मुलांना कॉलेजात घातलं, तो आकडा माझ्याजवळ नाही. त्यांनी किती बापांच्या थोबाडीत मारल्या, तो आहे. अकरा. यात ऐकीव एकही नाही. माझ्या डोळ्यांदेखत झाल्या तेवढ्याच मोजल्या आहेत.

मुलांवर त्यांनी कधी हात टाकला नाही. "पोराने काय केलंय? ते तर शिकतो म्हणतंय. मार खायला पाहिजे तो आडवा पडलेला बाप," असं ते म्हणत. अंगाने काडी, चष्म्याला दोऱ्याने बांधलेली दांडी, पण हात लोहाराचा. मॅट्रिकच्या वर्षी त्यांच्या स्वतःच्या वडिलांनी त्यांची पुस्तकं बंबात घातली होती आणि त्याच पाण्याने अंघोळ केली होती. काका हे सांगत तेव्हा आवाज चढत नसे, फक्त हाताची मूठ वळत असे.

एका कॉलेजच्या कचेरीत हेडक्लार्क म्हणून निवृत्त होऊन ते अंधेरीला आमच्या चाळीत, आमच्या शेजारच्या खोलीत राहायला आले. त्या काळी वर्षाचं उत्पन्न बाराशेच्या आत असेल तर सरकार कॉलेजची फी माफ करत असे. पण ते कोणाला ठाऊक नसे, आणि ठाऊक असलं तरी फॉर्म पाहून माणसं घाबरत. काका फॉर्म भरून देत, दाखले कुठे मिळतात ते सांगत, कोणत्या कॉलेजात कोणत्या मार्कांना दार उघडतं ते सांगत. पैसा घेत नसत. अट एकच, उत्पन्नाच्या रकान्यात खरा आकडा. एकाने तो कमी करून सांगितला तेव्हा काकांनी शाईची दौत त्याच्या डोक्याच्या दिशेने भिरकावली. भिंतीवरचा निळा डाग शेवटपर्यंत तसाच होता.

थोबाडीत मारायची त्यांची एक रीत होती. आधी तासभर समजावायचं. बाप ऐकत नाही असं दिसलं की मुलाला बाहेर पाठवायचं आणि म्हणायचं, "कडी लाव रे." मग एकच, उजव्या हाताची, सणसणीत. बाप गालाला हात लावून खाली बसे आणि थोड्या वेळाने सही करे. "चार भिंतींत खाल्लेली माणूस पचवतो," काका म्हणत. "चारचौघांत खाल्लेली पचत नाही."

पहिली माझ्या वडिलांनी खाल्ली. ते साकीनाक्याला एका कारखान्यात लेथवर होते आणि मलाही तिथेच चिकटवणार होते. काकांनी मला बाहेर काढलं नाही. का ते मला माहीत नाही. "सदू, कडी लाव रे," म्हणाले. मी लावली. फाडकन आवाज झाला. वडिलांची टोपी पलंगाखाली गेली, ती मीच काढून दिली. त्यांनी सही केली आणि मी कॉलेजात गेलो. पुढे नोकरीला लागल्यावरही मी संध्याकाळी काकांकडे बसून फॉर्मांवरचे आकडे तपासून देत असे. म्हणजे पुढच्या नऊ वेळाही कडी मीच लावली.

अकरावीला कडी नव्हती.

वेसाव्याची हिरा नावाची मुलगी आईला घेऊन आली. चांगल्या मार्कांनी एसेस्सी झालेली, कोळीवाड्यातल्या तिच्या गल्लीतली पहिलीच. आई डोक्यावर पाटी घेऊन मासे विकायची. फी भरणं शक्य नव्हतं. माफी मिळाली तर कॉलेज, नाही तर लग्न. मुलगा पाहून ठेवलेला होता. फॉर्म भरून झाला, राहिली ती उत्पन्नाच्या जबाबावर बापाची सही. होडीत बापाचा चार आण्यांचा वाटा होता, पण सगळ्या वेसाव्यात तो होडीचा मालक म्हणून मिरवत होता. होडी माझी नाही असं लिहून द्यायला तो तयार नव्हता. अंधेरीला यायलाही तयार नव्हता. मुदत संपायला दोन दिवस होते.

"चल, आपणच जाऊ," काका म्हणाले.

जूनचे दिवस. होड्या किनाऱ्यावर ओढून नारळाच्या झापांनी शाकारलेल्या. बापये जाळी दुरुस्त करत बसलेले, बायका पलीकडे. हिराचा बाप होडीला टेकून बसला होता. काकांनी उभ्या उभ्या समजावलं, मग वाळूत बसून समजावलं.

"भटा, मना भिकारी लिवतंस काय?" तो म्हणाला. "जा, तुज्या पोरीला शिकव."

"मला पोरगी असती तर तिला तुझ्यासारखा बाप नसता."

सगळे हसले. बाप उठला, आमच्याबरोबर आलेल्या हिराच्या हातातला फॉर्म ओढून घेतला आणि त्यावर थुंकला. मी काकांकडे पाहिलं. त्यांच्या ओठांवर तेच तीन शब्द आले असावेत, कारण त्यांनी सवयीने माझ्याकडे वळून पाहिलं. पण तिथे ना दार होतं ना भिंत. होतं उघडं आभाळ आणि पन्नासेक माणसं. पुढच्या क्षणी फाडकन आवाज झाला.

मग जे झालं त्याला दोन मिनिटंही लागली नसतील. हिराच्या बापाने वाळूतलं वल्हं उचललं. पहिला फटका काकांनी हातावर घेतला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, वाळलेली फांदी मोडावी तसा. दुसरा पाठीत बसला. मी मध्ये पडलो तर कोणीतरी माझ्या बरगडीत लाथ घातली. म्हाताऱ्या कोळणी ओरडत धावल्या म्हणून आम्ही जिवंत राहिलो.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात काका हाताला प्लास्टर घालून पडले होते. हिरा आणि तिची आई आल्या. हिराचा एक डोळा सुजून बंद झालेला. आईच्या डाव्या कानात कापसाचा बोळा होता आणि तो लाल होता. आम्ही परतल्यावर बापाने घरी जाऊन दोघींना धरलं होतं. भटाला वाड्यात आणलं कोणी, म्हणून.

काका बराच वेळ तो बोळा पाहत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सदू, तुझ्या बापाने त्या दिवशी घरी जाऊन काय केलं होतं?"

मी त्यांच्या पायावरची चादर सारखी करू लागलो.

"सांग."

"आईला पोळपाटाने मारलं. दोन दिवस तिला उठता येत नव्हतं."

"आणि हे तू मला आज सांगतोस?"

"तुम्ही विचारलं नाहीत काका. आणि मला कॉलेजात जायचं होतं."

काकांनी डोळे मिटले. बाकीच्या नऊ घरांत काय झालं असेल, ते दोघांनीही बोलून दाखवलं नाही.

बोलली ती हिराची आई. "कागुद कुठं हाय? मी अंगठा देते." काका म्हणाले, बाई, बापाची सही लागते. कमाई किती ते त्याने सांगायला हवं. ती तशाही स्थितीत हसली. "त्याला काय ठावं कमाई? तो जाळा टाकतो. मासली इकते मी, पैसा माज्या कमरंला. वीस वर्सं झाली, घरात किती आलं नि किती गेलं, मना इचारा."

काका उठून बसले. कोळ्यांच्या घरात पैसा बाईच्या हाती असतो, हे अंधेरीत इतकी वर्षं राहून आम्हा दोघांना ऐकून माहीत होतं. पण फॉर्म घेऊन आम्ही गेलो ते बापाकडेच. तिने तोंडी हिशोब सांगितला, मी नव्या फॉर्मवर लिहून घेतला. नंतर बेरीज तीनदा तपासली. एका पैशाची चूक नव्हती.

शेवटच्या दिवशी आम्ही कॉलेजच्या खिडकीशी उभे राहिलो. आतला हेडक्लार्क एके काळी काकांच्या हाताखाली होता. तो म्हणाला, "बाप जिवंत आहे ना? मग आईचा अंगठा कसा चालेल?"

"काय बोलतो?" आईने हिराला विचारलं. तिला ऐकू आलं नव्हतं.

मला वाटलं, काका आता खिडकीतून हात घालून त्याची गचांडी धरणार. पण ते हळू आवाजात म्हणाले, "बापाची सही आणलीय. नीट बघ." आणि बाजूला सरले. हेडक्लार्कने प्लास्टर पाहिलं, बंद डोळा पाहिला, कानातला बोळा पाहिला. मग मान खाली घालून फॉर्मवर शिक्का मारला.

त्यानंतर काकांनी कोणावरही हात उगारला नाही. दार सताड उघडं असे आणि फॉर्मला आलेल्या माणसाला पहिला प्रश्न असे, "मुलाची आई कुठाय?" काही जण चिडून निघून जात. काका त्यांना जाऊ देत. काही मुलं त्यामुळे कॉलेजला मुकली हेही खरं आहे, आणि ते मी लपवणार नाही.

हिरा बी.ए. झाली तेव्हा काका अंथरुणाला खिळले होते. मायलेकी पेढे घेऊन आल्या. त्या दोघी तेव्हा आईच्या माहेरी, गोराईला राहत होत्या. काकांना उशाला टेकवून बसवलं. आई त्यांच्या शेजारी पलंगावरच बसली आणि मोठ्या आवाजात, जशी ती आता नेहमीच बोलायची, म्हणाली, "काका, एका कानान मना काय ऐकू येत नाय. पन दुसऱ्या कानान ऐकलं, पोर पास झाली. मना एक कान पुरं."

काकांनी मान हलवली.

"नाही पुरत, बाई," ते म्हणाले. "माझं चुकलं."

ती पेढ्यांचा पुडा सोडण्यात गुंतली होती. काका तिच्या डाव्या बाजूला होते. तिला ते ऐकूच गेलं नाही, आणि दुसऱ्यांदा म्हणण्याइतका दम त्यांच्यात उरला नव्हता.