बी म्हणजे बाहेर

सत्तर सालाच्या आसपास मी शिंदखेड्याला मास्तर होतो. समुद्र पाहिलेला माणूस आमच्या आळीत औषधालाही नव्हता. त्यामुळे मित्राच्या लग्नाला सुरतेला निघालो, तर विलायतेला चाललोय असा बोभाटा झाला. शाळेतल्या एका सहकाऱ्याचा कॅमेरा मी मागून घेतला होता. तो पाहून आत्या दारात आडवी आली. तिला सगळा गाव अक्का म्हणायचा.

“तापी दर्याले कोठे भेटस, तठला फोटू लई ये.”

तिचे यजमान, आमचे नाना, दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या अस्थी तापीत सोडल्या होत्या. त्या पुढं कुठं पोचल्या, एवढंच तिला बघायचं होतं. आगगाडीत नाहीतर मोटारीत पाऊल टाकलं की तिला उलट्या व्हायच्या, म्हणून मी तिचे डोळे होऊन जायचं.

कॅमेऱ्यावर आकडे होते आणि एक इंग्रजी ‘बी’ होता. मास्तरकीचा माज असा, की मी कुणाला विचारलं नाही. आकडे घरातल्या फोटोंसाठी, बी म्हणजे बाहेर, असा अर्थ लावून मोकळा झालो. बोट दाबून ठेवाल तोवर बी कॅमेऱ्याचा डोळा उघडा ठेवतो, ही अक्कल नंतर आली.

लग्न आटोपून, तापी समुद्राला मिळते तिथं, डुमसच्या किनाऱ्यावर गेलो. भर उन्हात अकरा फोटो मोठ्या तोऱ्यात काढले. सूर्य बुडाल्यावर एकच उरला. एक लाट किनाऱ्याला लागून आडवी पळत होती. बटण दाबलं आणि मजा म्हणून, बोट न उचलता, तिच्याबरोबर कॅमेराही फिरवत नेला.

धुळ्याच्या स्टुडिओवाल्यानं रोल धुतला आणि कपाळाला हात लावला. “मास्तर, अकरा जास्त उजेडानं गेले. उरलेला हालला आहे.”

“तोच छापा.”

“छापीन. पण मागं दुकानाचा शिक्का मारणार नाही. ‘हलू नका’ म्हणण्यात माझा जन्म गेला.”

फोटोत ना लाट होती ना किनारा. करड्या-पांढऱ्या रेघा तेवढ्या एका बाजूला धावत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अक्काला तोंड कसं दाखवू, या विचारात शिंदखेडा कधी आलं कळलं नाही.

“अक्का, हालला गं. चुकलं माझं.”

तिनं फोटो उजेडाकडे धरून पाहिला. मग तिनं भिंतीवरच्या नानांच्या फोटोकडे पाहिलं. त्यात नाना खुर्चीवर खुंटीसारखे ताठ बसले होते.

“हाऊ बठेल माणूस मना नही शे,” ती म्हणाली. “नाना कधी एक जागावर बठनात का? यामा पानी चालस. त्या पोचनात.” तिच्या लेखी नाना समुद्राला पोचले होते.

मग ती हसायलाच लागली आणि मला रडू आलं.

पुढच्या रविवारी तिनं मला बैलगाडीनं तापीवर नेलं. पाण्याकडे पाठ करून उभी राहिली आणि हुकूम सोडला, “मना बी असाच हालेल फोटू काढ.”

या वेळी बी मी जाणूनबुजून लावला. सांज होऊ दिली. बटण दाबलं आणि पाणी जात होतं त्या बाजूला कॅमेरा सावकाश नेला. स्टुडिओवाल्यानं फोटो पाहून विचारलं, “पुन्हा हालला?” मी म्हणालो, “हालवला.”

काही वर्षांनी अक्का गेली. दहाव्याला हार घालायला फोटो हवा होता आणि तिचा दुसरा फोटो नव्हताच. भाऊबंद चिडले. “मास्तर, यात अक्काचं तोंड कुठं आहे?”

मी फोटो पाटावर ठेवला. लुगड्याचा काठ नदीच्या रेघांत मिसळून पश्चिमेकडे निघाला होता.

“नाही सापडायचं,” मी म्हणालो. “ती नानांकडे निघालीय.”