माळावरच्या जमिनीची सही

माझं शुद्धलेखन चुकतं, अक्षरही वेडंवाकडं आहे, त्याबद्दल माफी असावी. शाळा चौथीपर्यंतच झाली. पण चारचौघांत बोलणं मला जमत नाही, म्हणून लिहून ठेवते.

मांजरसुंब्याच्या पुढे माळावर वडिलांनी मला दिलेली दीड एकर जमीन आहे. सातबारा माझ्या नावावर. दिवाळीनंतर आम्ही ऊस तोडायला जातो. मुकादम नवराबायकोला मिळून एक कोयता धरतो आणि उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देताना सही एकट्या नवऱ्याची घेतो. त्या वर्षी पवनचक्कीच्या परदेशी कंपनीचा दलाल माझी जमीन मागायला उसाच्या फडावर आला. मी मोळ्या वाहत होते. ह्यांनी सवयीनं जमिनीच्या कागदावर दोघांची म्हणून सही केली, चाळीस हजार इसार घेतला आणि अंबाजोगाईला शिकणाऱ्या आमच्या पोरीची फी भरली. मला गावी परतल्यावर कळलं.

"आपुन काय येगळे हाव का?" हे म्हणाले.

"ऊस तोडताना न्हाई. जमीन माझ्या बापानं मला दिलीय."

उन्हाळ्यात कंपनीचे गोरे साहेब आले. पारावर मांडव, हार, शहाळी. दलाल दुभाषी पोरीला म्हणाला, "सांगा त्यांना, जमीन लई स्वस्त हाय. माणसं गरीब. कुणी आडवं येत न्हाई."

मी बायकांत मागं बसले होते. उठून उभी राहिले.

"मी आडवी येते. सातबारा माझा हाय. मला कुणी इचारलं न्हाई."

"मावशे, खाली बस! पाव्हणे माघारी गेले तर गावाचं वाटोळं होईल," दलाल ओरडला.

"मग पाव्हण्यांना खरं सांगून बोलवा की."

त्या दुभाषी पोरीनं सगळं साहेबांना सांगितलं. त्यांनी माझ्या जमिनीचा कागद बाजूला काढला. दलाल भडकला. "आधी इसार माघारी टाक! कुठून आणशील?"

"ऊस तोडून."

पवनचक्की मला नको असं नाही. वीज आम्हालाही लागते. पण आमची गरिबी दाखवून, आम्ही गप्प बसतो असं सांगून पाहुणे बोलवायचे, हे मी चालू देणार नाही.

पुढच्या हंगामाला उचलीच्या कागदावर मीही सही केली. मुकादम म्हणाला, "आजवर कुण्या बाईनं केली न्हाई."

"मग मी पयली."

उचल फिटून उरलेले पैसे घेतले, दोन शेळ्या विकल्या आणि इसार फेडायला दलालाकडं गेले. दलाल पावती ह्यांच्या नावानं लिहू लागला. मी ती फाडायला लावली. दुसरी माझ्या नावानं लिहिली, तेव्हाच नोटा पुढं सरकवल्या. चाळीस हजार पुरते फिटले.