लिटाची आर्ता

लिटा कणीक मळताना मेलेल्या बहिणीशी बोलायची. ओट्यावर तडा गेलेला फोन उभा करायची. त्यातून बहीण एक वाक्य बोले, ही तेच परत म्हणे. आम्ही शाळेत पाढे म्हटले ते असेच. आखातात मुलाच्या अल मनखूलच्या घरी मी राहायला आले तेव्हापासून, स्वयंपाकाला असलेल्या या बाईचं हे रोज सकाळी ऐकलं.

ती फिलिपिन्सच्या डोंगराकडची. तिची भाषा आर्ता. ती बोलणारी चार म्हातारी माणसं उरलेली. पोरं शेजारच्यांची भाषा बोलतात. "मुंह भूल जाता है, आज्जी," लिटा म्हणायची. म्हणून आजारी बहिणीनं मरेपर्यंत रोज एक निरोप बोलून पाठवला होता.

या भाषेत शब्द मधेच घशात तोडायचा, पुढचं अक्षर ओढायचं. मी चेष्टेनं नक्कल करायचे. ती हसायची. "गला बंद करो, आज्जी. अब खोलो. यल्ला, चलो!"

"लिटा, बेबीसमोर इंग्लिश प्लीज," सून ओरडायची. मुलीचे उच्चार बिघडतील ही तिला भीती. नात माझ्याशीही इंग्रजीतच बोले, त्याची भीती कुणाला नव्हती.

एका रविवारी लिटा चर्चला गेलेली. मुलगा म्हणाला, "आई, तिचा तो डबा कुठाय? दुकानात जुना फोन घेऊन नवा देतायत. सरप्राइज देऊ." चार्जिंगला लावलेला फोन मीच काढून त्याच्या हातात दिला. निरोप त्यातच होते, हे मला माहीत होतं. नव्या फोनमध्ये आपोआप जातील असं वाटलं. विचारलं मात्र नाही.

संध्याकाळी लिटानं नवा फोन उलटसुलट करून पाहिला. "पुराना?"

"पुराना खलास!" मुलगा हसला.

तिचा चेहरा बघून तो तसाच दुकानात पळाला. फोनमधलं सगळं पुसून झालं होतं. "किसने दिया?" तिनं विचारलं. मी दिला, म्हणून सांगितलं. ती रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या आठवड्यात कणीक मळताना, आठवून म्हणता म्हणता ती एका वाक्यावर अडली. तीन तऱ्हांनी म्हणून पाहिलं. मग माझ्याकडे वळली.

"आज्जी, तुम रोज बोलता था ना? सिस्टर कैसे बोलता था, बोलो."

या वेळी मी चेष्टा केली नाही. घसा बंद केला, उघडला, म्हटलं. तिनं डोळे मिटून ऐकलं. पुन्हा म्हणायला लावलं.

"नहीं, आज्जी," ती म्हणाली. "ये मराठी है."