नख अडकलं तर विका

मेडशी फाट्यावरचा तो मेकॅनिक बिघाड काय आहे ते तोंडानं सांगतच नाही. खोललेला भाग डिझेलनं धुतो, पोत्यावर मांडतो आणि म्हणतो, "पाहून घ्या." कळो न कळो, मालकाला पाहावंच लागतं.

आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला, गाडी घेणाराही मीच. जुनीच होती, पण ती दारात आल्यापासून बा ताठ चालायचा. इंजिन तापून बंद पडलं, तेव्हा विकावी की दुरुस्त करावी, काही सुचेना. जुन्या गाड्या घेणारा एकजण तर गॅरेजात येऊन बसला होता.

मेकॅनिकनं रेडिएटरच्या जाळीत हवा अडवून बसलेलं मूठभर सोयाबीनचं कुटार, मळणीचा भुसा, काढलं.

"मळणीयंत्रापाशी लावली होती काय?"

"सावली होती तिथं."

"कालेजात हे शिकोलं नाई वाट्टे."

राग आला, पण चूक माझीच होती. गाडी तापलेली दिसूनही मी तशीच दामटली होती.

"भंगार झाली म्हणून सांगून टाक ना त्याईले," घेणारा म्हणाला.

मेकॅनिकनं पुसलेल्या चार सिलिंडरांकडे बोट केलं. "आतून नख फिरवा सर. वरखड्यात अडकलं तं इकून टाका. नाई अडकलं तं हेड, हे वरचं झाकण, अकोल्याहून घासून आणू, गाडी चालते."

"तुमीच फिरवा ना."

"गाडी तुमची हाये. नख बी तुमचंच पायजे."

तिन्हींत नख सरळ उतरलं. चौथ्यात हात घालताना मी डोळे मिटले. काचेवरून जावं तसं ते खाली गेलं.

"नाही विकत," मी म्हणालो.

मेकॅनिक हेड पोत्यात बांधून अकोल्याची एसटी धरायला निघाला.